म्हात्रेबाई माफ करत नाहीत

आमच्या शाळेचा संडास बांधणाऱ्या कंत्राटदाराला म्हात्रेबाईंनी त्याच संडासात कोंडून ठेवलं होतं, असं धरमतरच्या खाडीपट्ट्यात अजून सांगतात. मी तिथं होते, म्हणून खरं काय ते सांगते. बाईंनी कुणाला कोंडलं नव्हतं. दाराची कडी लागायची नाही आणि लागली की निघायची नाही. लहान मुली आत अडकून रडायच्या. बाईंनी कंत्राटदाराला निरोपावर निरोप धाडले. शेवटच्या निरोपाला त्यानं उलट सांगून पाठवलं, "तुमच्या बाईला म्हणावं, तिच्या घराला सोन्याची कडी लावून देतो."

बाई हे ऐकून हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पुढच्या सव्वीस जानेवारीला त्यांनी त्याच माणसाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. गळ्यात हार घातला आणि लेझमीच्या तालावर मिरवत संडासापाशी नेलं. "साहेब, तुमच्याच हातचं काम. आत जाऊन बघा. कडी लावून बघा." कडी त्यानं स्वतःच्या हातानं लावली. झेंडावंदन, कवायत, गाणी, बुंदीवाटप असं सगळं आटपेपर्यंत तो आतच होता. आतून हाका यायला लागल्या की बाई लेझीमवाल्या मुलींना म्हणायच्या, "जोरात गो पोरींनो, ऐकू येत नाय!"

मग सुतार आला. आणि त्याच आठवड्यात नव्या कड्याही.

मी मूळची रोह्याची. लग्न होऊन पेणला आले आणि खाडीकाठच्या त्या शाळेवर रुजू झाले, तेव्हा बाई तिथं आधीपासून होत्या. उंच, काळ्यासावळ्या, काटक. केसांचा घट्ट अंबाडा, पदर कमरेला खोचलेला. पावसाळ्यात बांधावरून यायच्या त्या चपला हातात घेऊन, आणि शाळेच्या पायरीशी पाय धुऊन त्याच ओल्या पायांनी वर्गात शिरायच्या. त्यांचे आईवडील मिठागरात राबलेले. त्याचा त्यांना ना अभिमान होता ना लाज. कुणी विचारलं तर सांगायच्या, नाहीतर नाही. लग्न केलेलं नव्हतं. त्याबद्दल मात्र कुणी विचारलं तर विचारणाऱ्याला पस्तावा व्हायचा.

पहिलीच्या मुलांशी त्या मुलांच्याच बोलीत बोलत. "ह्यो काय हाय?" "ह्यो आंबा हाय." मग सावकाश, वर्षभरात, पुस्तकातल्या 'आहे'कडे नेत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलांसमोर त्यांना टोकलं, "बाई, तुमचीच भाषा अशी, तर मुलांची काय सुधारणार?" बाईंनी मुलांना पुढचं पान उघडायला सांगितलं. बऱ्याच वर्षांनी ते साहेब निवृत्त झाले. पेणला त्यांचा मोठा निरोपसमारंभ झाला. शिक्षकांच्या वतीनं बोलायला बाई आपणहून उभ्या राहिल्या आणि अख्खं भाषण खाडीच्या बोलीत केलं. साहेबांना त्यातलं अर्धं कळलं नाही, आणि जे कळलं त्याला टाळ्या वाजवाव्या लागल्या.

"बाई, इतक्या वर्षांचं तुम्ही लक्षात ठेवलंत?" मी परत येताना विचारलं.

"विसरणं हा आजार हाय," त्या म्हणाल्या. "मला झालेला नाय."

हे सगळं आम्ही शिक्षिका डबा खाताना एकमेकींना सांगून हसायचो. हसण्यासारखं काही नसताना हाच स्वभाव कसा दिसतो, ते तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हतं.

बाईंना एकच धाकटी बहीण, मालू. आई गेल्यावर बाईंनीच तिला वाढवलं, शिकवलं, रोह्याला दिली. मालूला मूलबाळ झालं नाही आणि नवरा अपघातात गेला, तरी ती रोहा सोडून आली नाही. कुंडलिका नदीच्या बाजूला एका खोलीत शिलाई मशीन मांडून ब्लाउज शिवायची. माझे ब्लाउज मी माहेरी गेले की तिच्याकडेच टाकायची. बाई जितक्या आखडलेल्या तितकी मालू सैल. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ती इतकी हसवायची, की टेप सरकायची आणि माप चुकायचं. मग "तू हसलीस म्हणून चुकलं, आता घाल ढगळ" असं तीच गिऱ्हाइकाला ऐकवायची. रविवारी बाई रोह्याला जायच्या. मालू त्यांना 'बाय' म्हणायची. बाईंना मनापासून हसताना मी पाहिलं ते त्या एका खोलीतच.

मालूला कॅन्सर निघाला तेव्हा तो हाडांपर्यंत पोचला होता. मुंबईच्या हॉस्पिटलात जे करण्यासारखं होतं ते झालं. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, त्रास कमी होईल एवढं बघा. बाईंनी पेणच्या रामवाडीतल्या आपल्या घरात पुढच्या खोलीत तिची खाट मांडली. मशीनही रोह्याहून आणून खाटेशेजारी ठेवलं, मालूनं मागितलं म्हणून.

त्रास कमी होईल एवढं बघा, हे सांगायला सोपं. मॉर्फिनच्या गोळ्या मुंबईहून आणायच्या. पेणला मिळत नव्हत्या, रोह्याला नव्हत्या. आणि आणलेल्या गोळ्या मालूच्या पोटात टिकत नव्हत्या. गोळी घेतली की उलटी, उलटी थांबावी म्हणून दुसरी गोळी, तीही उलटून पडायची. जेवण सुटलं, झोप सुटली. ती इतकी वाळली, की कूस बदलताना तिला हात लावायची मला भीती वाटायची. दुखायला लागलं की ती आधी दात आवळून धरायची, मग कण्हायची, मग जो आवाज यायचा तो कुठल्याही माणसाचा वाटायचा नाही.

त्या दिवसांत एकदा बाईंनी गांजा आणला. कुठून आणला, ते त्यांनी पुढं पोलिसांना सांगितलं नाही, मलाही नाही, आणि मी विचारलंही नाही. मुंबईत मालूच्या शेजारच्या खाटेवर जी बाई होती, तिच्या मुलानं त्यांना हे सुचवलं होतं, एवढंच मला माहीत. तुपात घालून, पेजेतून द्यायच्या.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी शाळेतून परस्पर तिकडे गेले. मालू उशीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "वैशाली, बायला विचार गो, घरात सोडे हायत का?"

"कशाला?"

"खिचडी कर म्हणावं. सोड्यांची."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत वळल्या आणि बराच वेळ डब्यांचा खडखडाट ऐकू येत राहिला. सुक्या कोळंबीची ती खिचडी मालूनं त्या दिवशी वाटीभर खाल्ली. खाऊन झोपली ती पार संध्याकाळपर्यंत.

मी हे फार गोड करून सांगत नाही. एकदा प्रमाण चुकलं. मालू घाबरली, भिंत सरकतेय म्हणाली, बाईंचा हात सोडेना. ते उतरेपर्यंत बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. "डॉक्टरनं लिहून दिलं असतं, दुकानात मोजून मिळालं असतं, तर असं झालं नसतं," त्या मला म्हणाल्या. "मी शिक्षिका. मला काय माहीत किती द्यायचं? आणि ज्याला माहीत, त्याला द्यायची बंदी." मालू बरी होईल असंही त्यांना कधी वाटलं नाही. "मरणार ती. मी येडी नाय. पण जेवून मरू दे, झोपून मरू दे."

बाईंच्या घरापासून दोन घरं सोडून घरत सर राहायचे. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, पेणच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशाला पेन. त्यांचा सख्खा भाऊ दारूपायी गेला होता आणि तेव्हापासून त्यांनी हे काम हाती घेतलं होतं. ते ढोंगी नव्हते. कित्येक घरं त्यांनी सावरली होती, आणि बाईंनाही त्यांच्याबद्दल आदर होता. म्हणूनच एकदा सकाळी दारावरून जाता जाता त्यांनी विचारलं, "बाई, वास कसला येतोय?" तेव्हा बाईंनी खोटं सांगितलं नाही.

"मालूचं औषध हाय, सर. गांजा हाय. तिला जेवण जातंय त्यानं."

सर "बाई, तुम्ही मुलांना शिकवता," एवढं म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. त्यांच्यामागून एक वार्ताहरही आला. सापडलं ते एका वाटीत मावेल एवढं. जामीन होण्यासारखा गुन्हा, असं वकील नंतर म्हणाले. पण पंचनामा, मोठ्या साहेबांची वाट, मग कोर्ट, मग जामीनदाराची कागदपत्रं, यात तो दिवस गेला आणि दुसराही मावळतीला आला.

ते दोन दिवस मालूजवळ मी होते. गावातल्या डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं. त्यांच्याकडे होतं ते त्यांनी दिलं, पण ते मालूच्या दुखण्याला पुरण्यासारखं नव्हतं. ती "बाय, बाय" करत होती. मी सांगत होते, येतेय, आत्ता येतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा आवाज इतका चढला, की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची आणि मग पावलं उचलायची. मग तो आवाज थांबला.

बाई संध्याकाळी रिक्षातून उतरल्या. दारात चपलांचा ढीग बघून त्यांना कळलं. आत आल्या, मालूच्या उशाशी बसल्या, तिचे केस सारखे केले. रडल्या नाहीत. थोड्या वेळानं मला विचारलं, "आवाज किती होता?"

"बाई, नका विचारू."

"किती होता? दोन घरं ऐकू जाईल एवढा होता?"

मी म्हटलं, "हो."

"बरं," त्या म्हणाल्या.

पेपरात बातमी आली, 'शिक्षिकेच्या घरातून गांजा जप्त'. बाई निलंबित झाल्या. काही महिन्यांनी परत रुजू झाल्या. खटला रेंगाळला आणि शेवटी किरकोळ दंडावर मिटला. या सगळ्यात बाईंनी कुणापुढं हात जोडले नाहीत आणि कुणाला शिवीही दिली नाही. शाळेत पूर्वीसारखंच शिकवायच्या. शाळेमागं विड्या ओढणाऱ्या सातवीतल्या पोरांचे कान पूर्वीसारखेच पिळायच्या. त्यातला एक एकदा म्हणाला, "बाई, तुमच्याकडं तर गांजा सापडला होता." बाईंनी त्याचा दुसराही कान धरला. "तुझी हाडं दुखतात का रे? कॅन्सर हाय का तुला? नाय ना? मग टाक ती."

तालुक्यातल्या शाळांसाठी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. घरत सर अध्यक्ष. भाषण संपलं, "काही प्रश्न?" असं सूत्रसंचालकानं रीतीप्रमाणे विचारलं, आणि शिक्षकांच्या रांगेतून बाई उभ्या राहिल्या.

"सर, माझी बहीण मालू गेली, त्या दोन दिवसांत तिचा आवाज तुमच्या घरी ऐकू येत होता का?"

सरांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "बाई, तुमचं दुःख मी समजतो. पण कायदा तो कायदा."

"मी कायदा नाय विचारला. आवाज येत होता का, ते विचारलं."

कुणीतरी आभारप्रदर्शन उरकलं.

त्यानंतर ते सुरू झालं. वाचनालयातलं व्याख्यान असो, ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा असो, गणपतीच्या मंडळाचं बक्षीसवाटप असो, घरत सर व्यासपीठावर असले की म्हात्रेबाई पहिल्या रांगेत. शेवटी उभ्या राहायच्या आणि तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. एका लग्नात अक्षता पडल्यावर वधूवरांना भेटायच्या रांगेत दोघं मागंपुढं आले, तिथंही विचारला. सरांनी कधी कायद्याचं सांगितलं, कधी नुसतीच मान फिरवली, एकदा चिडून "तुमच्यावर केस करीन" म्हणाले. "करा," बाई म्हणाल्या, "कोर्टात शपथेवर विचारता येईल."

लोक आधी बाईंच्या बाजूचे होते, मग कंटाळले, मग बाईंनाच नावं ठेवू लागले. पण संयोजक शहाणे झाले. कार्यक्रम बिघडायला नको, म्हणून सरांना बोलावणंच बंद झालं. आयुष्यभर माइकसमोर उभा राहिलेला माणूस ओट्यावर पेपर वाचत बसू लागला, आणि बाई शाळेतून येताना दिसल्या की तेवढ्यापुरता उठून आत जाऊ लागला.

मी एकदा म्हटलं, "बाई, पुरे झालं आता. म्हातारा माणूस आहे."

"मालू म्हातारी झाली असती ना गो," त्या म्हणाल्या. "तेव्हा पुरे करीन."

काही वर्षं अशीच गेली. मग घरत सरांना कॅन्सर निघाला. प्रोस्टेटचा, आणि मालूसारखाच हाडांत उतरलेला. त्यांची मुलं मुंबईत मोठ्या नोकऱ्यांवर होती. त्यांनी उपचारात काही कमी केलं नाही. तरी अखेर सर रामवाडीतच आले. त्यांनाही गोळ्या सोसत नव्हत्या. दुपारी त्यांचं दुखणं वाढायचं, आणि मग त्यांचा आवाज यायचा.

मी एका दुपारी बाईंकडे गेले. ओट्यावरची त्यांची खुर्ची जागेवर नव्हती. त्या ती उचलून परसदारी, सरांच्या घराच्या बाजूला घेऊन बसल्या होत्या. मांडीवर तांदळाचं ताट. निवडत होत्या. दोन घरांपलीकडून तो आवाज येत होता, स्पष्ट.

"बाई, तुम्हांला ऐकवतं कसं?"

"कसं म्हणजे? कानानं." त्यांनी एक खडा काढून फेकला. "मी खिडकी लावणार नाय वैशाली. मी सगळं ऐकणार हाय."

त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली.

थोड्या दिवसांनी घरत सरांच्या पत्नी शालिनीवहिनी बाईंच्या दारात आल्या. मी तिथंच होते. वहिनी आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"बाई, मालूला तुम्ही जे देत होतात… यांना मिळेल का?"

"कोण विचारतंय? तुम्ही का सर?"

"मी." मग हळूच, "त्यांनीही. काल रडले. म्हणाले, बाईंना विचारून बघ."

"वहिनी, त्या दोन दिवसांत तुम्हांला आवाज येत होता?"

वहिनींनी डोळ्याला पदर लावला. "येत होता, बाई."

"तुम्ही सांगितलंत. त्यांनी नाय सांगितलं. समाजमंदिरात सभा लावा. सगळ्यांसमोर माइकवर त्यांना सांगू दे. मग बघू."

सरांना हे कळलं तेव्हा ते आधी नाहीच म्हणाले. मुलगा बाईंना फोनवर नाही नाही ते बोलला. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दुपारचा आवाज वाढत गेला. शेवटी सरांनीच हट्ट धरला, मला न्या.

समाजमंदिर भरलं होतं. मागं समितीचा जुना फलक तसाच होता. सरांना खुर्चीसकट उचलून आणलं. पांढरा शर्ट अंगावर लोंबत होता, पण पेन खिशाला होतं. माइक त्यांच्या तोंडाशी धरावा लागला.

"बाई मला नेहमी एक प्रश्न विचारतात," ते म्हणाले. "आवाज येत होता. मी खिडक्या लावून घेतल्या. तरी येत होता, म्हणून टीव्ही लावला." थांबले. धाप लागली होती. "पोलिसांना मीच कळवलं. वार्ताहरालाही मीच सांगितलं. मला वाटलं, मी बरोबर करतोय. व्यसन आणि औषध यातला फरक मी आयुष्यभर मुलांना सांगितला, आणि माझ्या दारात तो मला ओळखू आला नाही. अफूपासून केलेली गोळी डॉक्टर मला चिठ्ठीवर देतात, तिला कुणी व्यसन म्हणत नाही. मग हे का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बाई, चुकलो. माफ करा."

कुणी टाळी वाजवली नाही. पुष्कळ जणांचे डोळे भरले होते. माझेही. सगळे बाईंकडे बघत होते, आणि मला वाटतं प्रत्येकानं मनात ठरवून टाकलं होतं की आता बाई उठतील, सरांचा हात हातात घेतील.

बाई उठल्या. "ऐकलं," म्हणाल्या. "पण माझ्याकडं गांजा नाय. मी आणून देणार नाय. कायदा तो कायदा, सर."

सभेत कुजबुज उठली. वहिनी ओरडल्या, "बाई!"

सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "मग मला बोलायला का लावलंत?"

"मालूसाठी," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाय."

आणि पदर खोचून निघून गेल्या. त्यांच्या मागून लोक काय काय बोलले ते मी लिहीत नाही. मीही दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांना म्हटलं, "बाई, फार कठोर झालं."

"व्हय," त्या म्हणाल्या. वह्या तपासत राहिल्या. मग लाल पेन खाली ठेवलं. "मालूसाठी कोठडीत जाणारी एक मी होते. त्यांना दोन मुलगे हायत. त्यांच्या फोनवर आमदार येतो. त्यांनी जावं की कोठडीत. नाय तर कायदा बदलून आणावा. मी का परत चोरासारखी पेज रांधायची? चोरून मिळतं, तोवर हे लोक कायदा चालू देतात गो. ज्यांचं चालतं, त्यांना चोरून मिळतं आणि ते गप्प बसतात."

यानंतर जे झालं ते मला अनपेक्षित होतं. सरांनीच बाईंना बोलावणं धाडलं. म्हणाले, सरकारकडे निवेदन करू, माझ्या सहीनं. व्यसनमुक्तीच्या अध्यक्षानं असं मागितलं तर निदान वाचतील तरी. बाई गेल्या. खाटेवर पडल्या पडल्या सर सांगायचे, बाई लिहायच्या. मी एकदा सोबत होते. भांगेचं पान कायद्याला चालतं, त्याच झाडाच्या फुलाचा गांजा चालत नाही, त्यावर बाईंनी लिहिलेलं वाक्य असं होतं, "एकाच झाडाचं पान साधू आणि फूल गुन्हेगार, हा न्याय कुठला?" सर म्हणाले, हे काढा, भाषण वाटतं. बाई म्हणाल्या, राहणार. सर म्हणाले, बरं, पण 'गुन्हेगार'मधला 'गु' दीर्घ काढलात, तो ऱ्हस्व करा. बाईंनी मुकाट्यानं केला. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळावं, नोंद असलेल्या दुकानातच मिळावं, मोजून आणि तपासून मिळावं, मुलांच्या हाती लागू नये, हे सगळं सरांचं. चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर आणि आणून देणारा नातेवाईक यांना गुन्हेगार धरू नये, हे बाईंचं. मध्येच सरांना कळ आली की बाई लिहिणं थांबवून कळ जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसायच्या. हात धरायच्या नाहीत. नजरही काढायच्या नाहीत.

एका वैद्यांकडून सरांना भांगेच्या पानांचं परवान्यातलं औषध मिळालं होतं. त्यानं थोडी झोप लागायची, पण दुखणं हटत नव्हतं. निवेदन अलिबागला कलेक्टर कचेरीत पोचलं. पुढं पाठवलं आहे, असं उत्तर आलं. त्यानंतर लवकरच सर गेले. त्यांचे शेवटचे दिवस मालूसारखेच गेले. बाई परसदारी खुर्चीवर बसून होत्या, खिडक्या उघड्या टाकून.

अंत्ययात्रा बाईंच्या दारावरून गेली तेव्हा त्या ओट्यावर उभ्या होत्या. नमस्कार केला नाही.

आता त्या निवृत्त झाल्यात. परवा पेणच्या एसटी स्टँडवर मला दिसल्या. अलिबागच्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला शालिनीवहिनी, मध्ये एका माणसाची जागा मोकळी. दोघींच्या मांडीवर सारख्याच पिशव्या. एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"अलिबागला. निवेदनाचं काय झालं ते विचारायला," वहिनी म्हणाल्या. "दर महिन्याला जातो आम्ही."

मी बाईंकडे वळले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, त्या लगेच म्हणाल्या, "माफ-बिफ नाय केलं हां मी. कुणालाच नाय."

"नाहीच केलंय त्यांनी," वहिनी समोर बघत म्हणाल्या.

गाडी लागली. वहिनी आधी चढल्या. बाई पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या, तेव्हा मी म्हटलं, "बाई, खरंच उपयोग होईल?"

"नाय झाला तरी," त्या म्हणाल्या, "तिथल्या साहेबांना दर महिन्याला माझं तोंड बघावं लागेल."